कुजण्याची परीक्षा

१९५८ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ल्यूटन या गावात एक प्रयोग सुरू झाला. गावातल्या दुकानांत मिळणाऱ्या धुण्याच्या पावडरींमधले फेस आणणारे रसायन बदलण्यात आले. लोकांनी नेहमीसारखे कपडे धुतले, भांडी घासली, मोरीत पाणी ओतले. मोजमाप चालू होते गावाबाहेर, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर. ल्यूटन निवडायला कारण होते. तिथे ली नदी अजून लहान आहे, उगमापासून फार पुढे आलेली नाही. त्यामुळे केंद्रातून बाहेर पडणारे पाणी हाच तिच्या प्रवाहाचा मोठा हिस्सा असतो, आणि हीच नदी पुढे लंडनच्या पिण्याच्या पाण्यात भर घालते. केंद्रात जे कुजणार नाही ते लंडनकरांच्या पेल्यापर्यंत जाऊ शकत होते. नव्या रसायनाने फेस कमी झाला. संपला मात्र नाही.

एक पदार्थ पाण्यात कुजतो की नाही हे पाहायला अख्खे गाव कामाला लावावे लागले, कारण तोवर हा प्रश्न माणसाला पडलाच नव्हता. साबण तेलाचा किंवा चरबीचा असे. रंग, कातडी कमावण्याची द्रव्ये, खळ, डिंक बहुतेक झाडाप्राण्यांकडून येत. जे सजीवांनी बनवले ते मोडायला जिवाणू केव्हाचे शिकलेले होते. नदीत काहीही टाका, ती पोटात घेते, अशी समजूत जगभर होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. प्रमाण सांभाळले तर नदी खरोखरच पोटात घेत असे.

उलट, आधीची काळजी कुजणाऱ्या गोष्टींचीच होती. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने ब्रिटिश संसदेत बसणे मुश्कील झाले, तेव्हा त्रास होता तो भरमसाट कुजण्याचा. मैलापाण्याचे काय करायचे हे ठरवण्यासाठी १८९८ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याचे काम १९१५ पर्यंत रेंगाळले, पण १९१२ च्या आठव्या अहवालात त्याने एक आकडा दिला आणि तो आकडा जगभर पसरला. शुद्ध करून नदीत सोडलेल्या पाण्याने पाच दिवसांत एका लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ऑक्सिजन खाऊ नये, आणि त्यात तरंगणारा गाळ ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. या ऑक्सिजनच्या मापालाच पुढे बीओडी म्हणू लागले. हा अक्षरसंक्षेप आता आपल्या गावच्या वर्तमानपत्रातही येतो.

पाचच दिवस का, याची एक गोष्ट सांगितली जाते. ब्रिटनमधली कुठलीही नदी उगमापासून समुद्रापर्यंत पोचायला पाच दिवसांहून जास्त घेत नाही. पाच दिवसांनंतरचे कुजणे समुद्राने पाहावे. गोष्ट किती खरी ते असो, ती त्या बेटाला शोभते. त्र्यंबकेश्वरहून निघालेली गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळेपर्यंत १,४६५ किलोमीटर जाते आणि वाटेत प्रत्येक बंधाऱ्यावर थांबते. तिला पाच दिवसांचे गणित कोण लावणार?

आयोगाने त्या आकड्यासोबत एक अटही घातली होती. सोडलेल्या पाण्यात नदीचे स्वच्छ पाणी किमान आठपट मिसळले पाहिजे. मिसळायला तेवढे पाणी नसेल तर मर्यादा कडक करावी. या अटीकडे आपण पुढे येऊच.

आता ती बाटली जवळून पाहू. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पर्यावरण प्रयोगशाळेत ती दिसते. ३०० मिलिलिटरची, घासलेल्या काचेच्या बुचाची, गळ्याशी पसरट कड असलेली. कडेत थोडे पाणी ठेवतात, म्हणजे बुचाच्या फटीतून हवा आत जात नाही. नमुना भरताना आत एक बुडबुडा राहिला तरी मोजमाप चुकते, म्हणून पाणी ओसंडेपर्यंत भरून बूच तिरके बसवतात. ऑक्सिजन मोजायची रीत बुडापेस्टच्या लायोश विंकलर या रसायनतज्ज्ञाने १८८८ मध्ये दिली आणि ती आजही चालते. मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड पिपेटने तळाशी सोडायचे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. मुरलेला हात नुसत्या या रंगावरून पाण्याची अवस्था सांगतो. मग आम्ल घातले की साका विरघळून पाणी आयोडिनने पिवळे होते. ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंबथेंब सोडत पिवळेपणा फिका करायचा, स्टार्चचे दोन थेंब टाकायचे, सगळे निळे होते, आणि पुढच्या काही थेंबांत तो निळा रंग एकदम नाहीसा होतो. तिथे ब्युरेटचा आकडा वाचायचा. पहिल्या दिवशीचा ऑक्सिजन वजा शेवटच्या दिवशीचा ऑक्सिजन, म्हणजे मधल्या काळात जिवाणूंनी जेवढा खाल्ला तेवढा.

या बाटलीची एक खोड १९१२ मध्ये कुणाच्या लक्षात यायचे कारण नव्हते. ती जिवाणूंची भूक मोजते. जिवाणूंनी ज्याला तोंडच लावले नाही ते तिच्या हिशेबात येत नाही. मैलापाणी टाकले तर आकडा चढतो. जिवाणूंना अजिबात मोडता न येणारे रसायन टाकले तर आकडा शून्य येतो, आणि शून्य म्हणजे कागदावर सर्वांत स्वच्छ पाणी.

शून्य आकड्याचे हे पाणी पन्नाशीच्या दशकात नद्यांवर फेस होऊन दिसले. तेलचरबीची टंचाई आणि जड पाण्यात साबणाचा होणारा चोथा, या दोन अडचणींतून कृत्रिम डिटर्जंट जन्मले होते. जर्मनीत १९३२ मध्ये फेवा आणि अमेरिकेत पुढच्या वर्षी ड्रेफ्ट आले, तरी खरा पसारा १९४६ च्या टाइडनंतर वाढला. महायुद्धानंतर तेलशुद्धीकरण कारखान्यांत प्रोपिलीन वायू स्वस्त आणि मुबलक होता. त्याचे चार रेणू जोडले की बारा कार्बनची शेपटी मिळे. ती बेंझीनला लावून सल्फोनेट केले की फेस तयार. रसायन उत्तम धूत असे, टिकत असे, पैशालाही परवडत असे. पण चार तुकडे जोडून केलेली ती शेपटी सरळ नव्हती, तिला जागोजाग फांद्या फुटलेल्या होत्या. जिवाणू अशी साखळी टोकापासून दोन-दोन कार्बन तोडत खातात. फांदी आली की त्यांचे काम अडते.

मैलापाण्याच्या हौदांवर पुरुषभर उंचीचा फेस चढू लागला. जर्मनीतल्या नद्यांवर बंधारे आणि बोटींच्या जलपाशांचे दरवाजे फेसाने झाकले जाऊ लागले. १९५९ चा उन्हाळा कोरडा गेला तेव्हा तर कहर झाला. अमेरिकेत सेप्टिक टाकीशेजारी विहीर असलेल्या घरांत नळाला फेसाळ पाणी येई. शास्त्रज्ञांमध्येही तेव्हा एक श्रद्धा घट्ट होती, की निसर्गात असा सेंद्रिय पदार्थच नाही जो कुठला ना कुठला जिवाणू मोडत नाही. केंब्रिजच्या अर्नेस्ट गेल यांनी १९५२ मध्ये हे मांडले होते. कॉर्नेल विद्यापीठाचे मार्टिन अलेक्झांडर यांनी १९६५ मध्ये तिला उघड आव्हान दिले, जिवाणूही चुकतात, काही रेणूंपुढे हात टेकतात, असे सांगून. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हे आहे. त्यापूर्वी सिद्ध करण्याचा भार नदीवर होता. त्यानंतर तो पदार्थावर आला, निदान तत्त्वतः.

पश्चिम जर्मनीने सप्टेंबर १९६१ मध्ये डिटर्जंटचा कायदा केला. ऑक्टोबर १९६४ पासून बाजारातल्या डिटर्जंटचे फेसकारी रसायन किमान ८० टक्के मोडले पाहिजे, असा नियम लागू झाला. ते तपासायला एसेनचे विल्हेल्म हुसमान यांनी बसवलेले काचेचे छोटे यंत्र वापरले गेले. एका भांड्यात हवा फुंकायची, त्यात मैलापाण्याच्या गाळातले जिवाणू, शेजारी गाळ बसण्याचे भांडे, आणि बसलेला गाळ परत पहिल्यात. टेबलावर मावणारे हे शुद्धीकरण केंद्रच होते. अमेरिकी उत्पादकांनी सरकार कायदा करायच्या आत १९६५ च्या मध्यापर्यंत सरळ साखळीचे रसायन आणले. या चपळाईचे श्रेय केवळ सदसद्विवेकाला देऊ नये. केरोसीनमधून सरळ साखळीचे पॅराफिन वेगळे गाळून काढणाऱ्या रेणूचाळण्या त्याच सुमारास कारखान्यांच्या आवाक्यात आल्या होत्या. कायद्याचा धाक आणि हाताशी असलेला पर्याय एकाच वेळी आले, म्हणून बदल काही वर्षांत झाला. हे दोन्ही एकत्र नसतात तेव्हा काय होते, ते फ्लोरिनयुक्त रसायनांच्या बाबतीत जग आज पाहते आहे.

जुन्या चाचणीत एक पळवाट होती. रसायन शिल्लक आहे का हे मिथिलिन ब्लू या रंगाने पाहत. डिटर्जंटचा रेणू शाबूत असेल तर तो या निळ्या रंगाला धरतो, आणि दोघे मिळून क्लोरोफॉर्मच्या थरात उतरतात. पृथक्करण नरसाळे हलवून उभे ठेवले की खालचा थर निळा होतो. जितका गडद तितके रसायन जास्त. पण शेपटीचे टोक जरी बदलले तरी रेणू रंगाला धरणे सोडतो. खालचा थर फिका पडतो आणि नोंदवहीत ‘मोडले’ असे लिहिले जाते. फेस गेला हे खरे. उरलेला तुकडा कुठे गेला, हे या चाचणीला विचारताच येत नव्हते. युरोपीय समुदायाने १९७३ मध्ये ९० टक्क्यांचा नियम केला, तोही याच अपुऱ्या अर्थाने.

त्याची किंमत नोनिलफिनॉलने दाखवली. कापडगिरण्यांत, लोकर धुण्यात आणि औद्योगिक सफाईत वापरली जाणारी नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट ही रसायने वरवरच्या चाचणीत मोडत असत. १९८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले, की शुद्धीकरण केंद्रांच्या कुजवलेल्या गाळात नोनिलफिनॉल मोठ्या प्रमाणात साचते आहे. मूळ रेणूची लांब शेपटी जिवाणूंनी खाल्ली होती आणि मागे उरलेला भाग जलचरांना मुळापेक्षा जास्त विषारी होता. हेच द्रव्य माशांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हेही पुढे कळले. युरोपने त्याच्या वापरावर बंधने आणली २००३ मध्ये. आणि डिटर्जंटने निळा रंग सोडून भागणार नाही, अखेरपर्यंत मोडून कार्बन डायऑक्साइड झाले पाहिजे, हा नियम २००४ चा. तो लागू झाला ऑक्टोबर २००५ मध्ये. पुरावा छापून आल्यापासून वीस वर्षे. राज्यकर्त्यांच्या दिरंगाईला आपल्याकडे एक खास सरकारी चेहरा असतो असे आपण समजतो. तिथला चेहरा फार वेगळा नव्हता.

जपान या वाटेवर वेगळ्या दाराने आला. १९६८ मध्ये पश्चिम जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या खाद्यतेलात पीसीबी हे रसायन मिसळले गेले. कारखान्यात तेल तापवणाऱ्या नळ्यांमधून ते गळत होते. लोकांच्या अंगावर फोड उठले, नखे काळी पडली, पुढे जन्मलेल्या बाळांच्या त्वचेवरही डाग दिसले. युशो या नावाने हा आजार ओळखला जातो. पीसीबी न मोडता शरीरात साचते हा त्यातला धडा होता. १९७३ च्या कायद्याने नवे रसायन बाजारात येण्याआधी ते कुजते का, शरीरात साचते का, हे विचारायला सुरुवात केली. त्यांच्या चाचणीतली एक गोष्ट मला फार आवडते. जिवाणू एका ठिकाणचे घ्यायचे नाहीत. देशभरातल्या दहा जागांहून, मैलापाणी केंद्रे, नद्या, तळी, समुद्रकिनारा इथून गाळ आणि पाणी गोळा करायचे, एकत्र करायचे, आणि महिनाभर ग्लुकोज आणि पेप्टोनवर पोसायचे. सगळ्या देशाच्या जिवाणूंना एका भांड्यात बसवून विचारायचे, हे तुम्ही खाल का?

या सगळ्या वाटा मिळाल्या त्या ओईसीडी या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या चाचणीत. मे १९८१ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली, १९९२ मध्ये सुधारली, आणि ३०१ या क्रमांकाने ती जगभर ओळखली जाते. तिचे सहा प्रकार आहेत. विरघळलेला कार्बन मोजा, निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजा किंवा खाल्लेला ऑक्सिजन मोजा. सर्वांचा कणा एकच. पाण्यात क्षार, त्यात तो पदार्थ हाच जिवाणूंना एकमेव खुराक, जिवाणू थोडे आणि त्या पदार्थाची आधी ओळख नसलेले, तापमान २२ अंशांच्या आसपास, अंधार आणि २८ दिवस. शेजारी एक बाटली नुसत्या जिवाणूंची. त्यांचा स्वतःचा श्वास वजा करायला. एका बाटलीत सोडियम बेंझोएट किंवा ॲनिलिनसारखा हमखास कुजणारा पदार्थ. जिवाणू जिवंत आहेत ना, हे पाहायला. आणि एकात दोन्ही एकत्र, म्हणजे तपासायचा पदार्थ जिवाणूंना मारतो आहे का तेही कळते.

उत्तीर्ण व्हायला कार्बन डायऑक्साइड किंवा ऑक्सिजनच्या मापाने ६० टक्के, विरघळलेल्या कार्बनच्या मापाने ७० टक्के लागतात. आपल्याकडे ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळतो. इथे ६० म्हणजे जवळजवळ पैकीच्या पैकी, कारण उरलेल्या कार्बनचा बराच भाग जिवाणूंच्या स्वतःच्या अंगात गेलेला असतो. शिवाय बहुतेक प्रकारांत वेळेची कडक अट आहे. कुजणे १० टक्क्यांवर पोचले की तिथून दहा दिवसांत ते उत्तीर्णाच्या रेषेपर्यंत गेले पाहिजे. २८ दिवसांत रखडत रखडत ६० गाठणाऱ्याला ‘सहज कुजणारा’ हे प्रमाणपत्र मिळत नाही.

चाचणी मुद्दाम कठीण ठेवली आहे. म्हणून नापास होणारा पदार्थ कधीच कुजत नाही असा अर्थ काढायचा नसतो. त्याला पुढच्या, जास्त जिवाणूंच्या आणि जास्त दिवसांच्या चाचण्या आहेत. पॅरा-नायट्रोफिनॉलसारखा पदार्थ एका गावच्या गाळात पास होतो आणि दुसऱ्या गावच्या गाळात नापास. जिवाणू शिकतातही. लिंडेन या कीटकनाशकाच्या कुळातली द्रव्ये मोडणारा जिवाणू ओडिशातल्या कटकच्या शेतमातीत सापडला. ती द्रव्ये वर्षानुवर्षे पडल्यावर तिथल्या सूक्ष्मजीवांनी ती विद्या कमावली होती. म्हणजे या परीक्षेत परीक्षकही दर ठिकाणी वेगळा आणि दर वर्षी बदलणारा असतो. तरीही चाळीस वर्षे ही चाचणी टिकली, कारण जे पदार्थ तिच्यात स्वच्छ पास झाले त्यांनी पुढे शुद्धीकरण केंद्रांत सहसा दगा दिला नाही.

‘शुद्धीकरण केंद्रांत’ हा शब्द या सगळ्या इतिहासाचा पाया आहे. हवा फुंकून जिवाणूंच्या गाळाने मैलापाणी शुद्ध करण्याची पद्धत मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये जगापुढे मांडली. जर्मन कायदा, हुसमानचे यंत्र, ओईसीडीच्या २८ दिवसांच्या बाटल्या, या सर्वांत गृहीत आहे की मोरीतले पाणी आधी अशा केंद्रात जाईल. आर्डर्न आणि लॉकेट यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, म्हणजे ज्ञानाला समुद्र ओलांडायला दोनच वर्षे लागली. त्याच बंगळुरूत २०१५ मध्ये बेळंदूर तलावाचा फेस रस्त्यावर उडत होता आणि तलावाने पेटही घेतला होता.

आपण बाटली मात्र नीट बदलून घेतली. आपल्या हवेत २० अंशांवर पाच दिवस ठेवण्यात अर्थ नव्हता आणि ते सोपेही नव्हते. म्हणून भारतीय मानकांनी २७ अंशांवर तीन दिवस हे माप धरले. ऊब जास्त, जिवाणूंचा वेग जास्त, दिवस कमी. उत्तर साधारण तेच. उधार घेतलेले शास्त्र आपल्या मातीत कसे रुजवावे याचा हा चांगला नमुना आहे. महाराष्ट्राने तर केंद्राच्या १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याआधी, १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये मंडळही स्थापले होते.

पण आयोगाची ती आठपट पाण्याची अट वाटेतच गळाली. आपल्या सर्वसाधारण मानकात नदीत सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे आणि नदीत त्या वेळी पाणी किती, हे तो आकडा विचारत नाही. ब्रिटनमध्ये पाऊस बारा महिने पडतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत शहराच्या खालच्या अंगाला नदी म्हणून जे वाहते ते बहुतेक वेळा शहराचेच पाणी असते. त्यात मिसळायला आठपट काय, एकपट स्वच्छ पाणीही नसते.

इथे दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकतात. आज आपल्या बहुतेक धुण्याच्या पावडरींत सरळ साखळीचे, चाचणीत पास होणारेच रसायन असते. मग आळंदीला इंद्रायणीवर दर काही महिन्यांनी पांढरा फेस का येतो? वारीच्या दिवसांत त्याची छायाचित्रे छापून येतात, वारकरी त्याच पाण्यात उतरतात, पाहणी होते, नमुने घेतले जातात. उत्तर त्या रसायनाच्या स्वभावातच आहे. ते मोडायला पहिल्या पायरीलाच ऑक्सिजन लागतो. पिंपरी-चिंचवडचे आणि मावळातल्या वाढत्या वस्त्यांचे, कारखान्यांचे पाणी पूर्ण शुद्ध न होता नदीत उतरते, त्यातला मैला नदीचा ऑक्सिजन आधीच संपवतो, आणि काळ्या पडलेल्या पाण्यात ते ‘सहज कुजणारे’ रसायन तसेच राहते. बंधाऱ्यावरून पाणी खाली पडले की फेस. प्रयोगशाळेतल्या बाटलीत हवा असते. इंद्रायणीच्या डोहात नसते.

याच्या उलट टोकाला कृष्णा-पंचगंगेचे उदाहरण आहे. मळीमिश्रित पाण्याने मासे मेले, ही बातमी सांगली-कोल्हापूरकरांना पाठ आहे. मळी काय किंवा आसवनीचे सांडपाणी काय, उसातून आलेली द्रव्ये बऱ्याच अंशी कुजणारीच आहेत. आसवनीच्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅमपर्यंत जातो. जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि त्या मेजवानीत नदीतला सगळा ऑक्सिजन संपतो. मासा विषाने मरत नाही, श्वास कोंडून मरतो. कुजण्याच्या परीक्षेत मळीला चांगलेच गुण मिळाले असते. म्हणून ‘आमचा पदार्थ पूर्ण जैवविघटनशील आहे’ एवढ्यावर कुणी हात झटकू लागले तर समजावे, की त्याने प्रश्नाचा अर्धाच भाग वाचला आहे. किती कुजते हे पदार्थ सांगतो. कुजायला लागणारा ऑक्सिजन कुठून येणार, हे त्या जागेला विचारावे लागते.

दुसरीकडे, अजिबात न कुजणाऱ्या पदार्थांचा जुना घोळही संपलेला नाही. औद्योगिक वसाहतींच्या सामाईक सांडपाणी केंद्रांत येणाऱ्या पाण्याचा बीओडी मर्यादेत आणि सीओडी मात्र चढा, हे दृश्य तिथल्या केमिस्टना नवे नाही. सीओडी म्हणजे जळू शकणारे सगळे, बीओडी म्हणजे जिवाणूंना खाता येणारे. दोहोंतला फरक हाच न कुजणाऱ्या मालाचा माग असतो. तो फरक दर महिन्याला बोलतो. ऐकायला कुणाला वेळ नसतो.

आपल्याला चाचण्या जमत नाहीत, असे मुळीच नाही. युरोपच्या २००७ पासूनच्या रीच नियमावलीत वर्षाला एक टनाहून जास्त रसायन तिथे विकायचे तर सहज कुजण्याचा अहवाल लागतो. मार्च २०११ पासून भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे असे अहवाल ओईसीडी देश जसेच्या तसे स्वीकारतात. म्हणजे महाड, रोहा, तारापूर, लोटे परशुराम इथल्या वसाहतींतून युरोपला जाणाऱ्या रसायनाला २८ दिवसांचा दाखला लागतो आणि तो आपल्याच देशात मिळू शकतो. तेच रसायन सावित्रीच्या किंवा वाशिष्ठीच्या खोऱ्यात खपवायचे असेल तर सर्व रसायनांना सरसकट लागू असणारी तशी नोंदणी आपल्याकडे नाही. ऱ्हाईनच्या पाण्याची काळजी आपण घेतो, सावित्रीची घ्यायला आपल्याला कुणी भाग पाडत नाही. १९९१ मध्ये केंद्राने मातीच्या माठाचे चिन्ह देऊन इकोमार्क योजना काढली, साबण-डिटर्जंट त्यात होते. किती घरांत माठाचे चिन्ह असलेली पावडर आली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

या संपादकीयाची मागणी साधी आहे. पाकिटावर ‘जैवविघटनशील’ छापायचे असेल तर चाचणीचे नाव, टक्के आणि दिवस छापा. नसेल तर तो शब्द काढा. निर्यातीला लागणारा दाखला देशी विक्रीलाही लागू करा. प्रदूषण मंडळाने बीओडीच्या शेजारी सीओडी आणि त्या महिन्यातला नदीचा प्रवाह एकाच ओळीत जाहीर करावा, म्हणजे ३० मिलिग्रॅमचा आकडा कशात मिसळतो आहे ते लोकांना कळेल. आणि पालिकांनी नदीकाठ सुशोभीकरणाच्या आधी हवा फुंकणारे हौद चालू ठेवण्याच्या विजेचे बिल भरावे. उत्तम डिटर्जंटही त्या हौदापर्यंत पोचल्याशिवाय कुजत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होते, आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर.